तिसरं स्थळ

मावशी भाचीच्या सदऱ्याला बटण लावत होती. आतल्या खोलीत भाची प्रयोगशाळेतल्या साहेबांशी फोनवर बोलत होती.

"तिसरं स्थळच सगळ्यात वेगळं निघालं, सर. समुद्रापलीकडचं. मला जायला आवडलं असतं हो, पण मावशीला कसं सांगू?"

सुई बोटात गेली. तिसरं! म्हणजे पहिली दोन या पोरीने परस्पर उडवून लावली? एवढीशी होती तेव्हापासून सांभाळली, आणि आता निघाली समुद्रापलीकडे!

दुसऱ्या दिवशी भाची कामासाठी शेतांवर गेलेली बघून मावशी ठेवणीतले कपडे घालून थेट प्रयोगशाळेत धडकली.

"तिसरं स्थळ बघायला आलेय."

"या ना! घरच्यांनी इतका रस घेतलेला पहिल्यांदाच बघतोय," म्हणत साहेबांनी तिला जाळीच्या पिंजऱ्यापुढे नेलं. आत भाताची रोपं होती आणि बुंध्यांना चिकटलेले तिळाएवढे तपकिरी तुडतुडे. "नऊ ठिकाणच्या शेतांतले किडे तपासतोय आम्ही; हे तिसऱ्या स्थळाचे."

मावशीने पिंजरा पाहिला, साहेबांना पाहिलं, पुन्हा पिंजरा पाहिला. पण ठेवणीतले कपडे अंगावर चढले की विचारपूस केल्याशिवाय परतणाऱ्यांतली ती नव्हती.

"करतात काय?"

"रस पितात. दिवसभर."

"पितात! आणि घराणं?"

"तिथेच तर गंमत आहे. बाकीची आठ स्थळं वाऱ्यावर उडत एकमेकांकडे जाऊन संसार थाटतात, त्यामुळे सगळ्यांची जनुकं जवळपास एकच. तिसऱ्याची निराळी. तिकडे इकडचा वारा पोचत नाही."

"म्हणजे भाऊबंदांची कटकट नाही. पण घर सोडून जातात कशाला?"

"दाटी झाली की पिल्लांना लांब पंख फुटतात. ऐसपैस जागा असली तर आखूड. ते जागचे हलत नाहीत."

"आमच्याकडे दोन खोल्या नि दोनच माणसं," मावशी घाईघाईने म्हणाली. "दाटी मुळीच नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "तिच्यासाठी तिकडे चांगलं काम आहे, मावशी. तुम्ही एकट्या पडाल म्हणून नाही म्हणतेय. आज दुसऱ्या कुणाचं तरी नाव द्यावं लागेल."

मावशीने जाळीला नाक टेकवलं. आतला एक तुडतुडा तिरका तिरका चालत बुंध्याआड लपला.

"लाजाळू आहेत," ती म्हणाली. मग जाळीपासून नाक काढून ती साहेबांकडे वळली. "कळवून टाका, पसंत आहे म्हणून."

साहेबांनी नकळत पिंजऱ्याकडे पाहिलं.

"त्यांना नव्हे हो! भाचीला. माझ्याच्याने सांगवायचं नाही."