रुद्रेशची राखाडी मोटार

मित्रांनो, मी एक वापरलेली राखाडी मोटार आहे. माझी पहिली दोन वर्षं इंग्लंडात गेली; आता मी लातूरला असते.

रुद्रेश मला चालवायचा. कागद मात्र त्याच्या बायकोच्या, दामिनीच्या नावावर होते. एका सकाळी कामावरच त्याचं हृदय थांबलं. दोन दिवस मी त्याच्या कारखान्याच्या आवारात तशीच उभी होते. घर लिंगायत; त्यांच्यात दफन करतात. दामिनीनं त्याला इंग्लंडच्याच मातीत ठेवलं आणि मला घेऊन परत यायचं ठरवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जहाजातून मी मुंबईच्या बंदरात उतरले. कस्टमच्या साहेबांनी कागद चाळले. तीन वर्षांच्या आतली, स्टिअरिंग उजवीकडे. मी नियमात बसत होते. कर मात्र माझ्या किमतीहून जास्त निघाला.

"बाई, एवढ्यात इथं नवी कोरी येईल," साहेब म्हणाले.

"हो," दामिनी म्हणाली आणि सही केली.

मग पुण्यात माझ्या धुराची, ब्रेकची तपासणी झाली. लातूरच्या आरटीओत चॅसिसचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, कर भरला, इंग्लंडची पाटी उतरली आणि एमएच चोवीसची चढली. दामिनी दिवसभर बाकावर बसून होती. तिनं डबा उघडला नाही.

घरी सासरे गुरुपादप्पा दारात उभे होते. "कशाला आणलीस गं ही?" ते म्हणाले. "माणूस तर आलं न्हाई."

तिनं किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

सासूबाई नीलाबाईंनी मला ताडपत्री पांघरली. "लेकराची गाडी हाय. कुणी हात लावायचा न्हाई."

आठ महिने गेले. बॅटरी उतरली, टायर बसले, उंदरांनी वायरी कुरतडल्या. खरं सांगू? मला वाईटही वाटलं नाही. घरातली तिघंही तशीच होती. जेवायची, ताटं उचलायची, दिवे मालवायची.

मग नीलाबाईंना दिसेनासं झालं. नांदेडच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. दामिनीनं ताडपत्री ओढली, मेकॅनिक बोलावला. "अव्वा, चला."

दोन खेपा नीलाबाई मागं बसल्या. तिसऱ्या खेपेला अहमदपूरच्या पुढं त्या म्हणाल्या, "थांबव गं." उतरून, चाचपडत पुढच्या दाराशी आल्या.

"त्यो कुठं बसायचा?"

"मी बसलेय तिथं, अव्वा."

"मग तू उठू नकोस," त्या शेजारी बसत म्हणाल्या. "मी हितं बसते."

त्या दिवशी दामिनी पहिल्यांदा रडली. मी कडेला बराच वेळ उभी होते. इंजिन चालूच होतं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू झाकून ठेवू नका. तिला तेलपाणी करा, रस्त्यावर काढा. उभ्या जागी आम्ही गंजतो, आणि आम्हाला ते कळतसुद्धा नाही.

पुढची खेप सोमवारी आहे. गुरुपादप्पाही येतो म्हणालेत.