पाण्यावरून घेतलेलं माप

मित्रांनो, खाडीच्या चिखलात निम्मी रुतलेली ही शेवाळलेली बांबूची काठी दिसते ना, ती मी. एके काळी मी झाडं मोजायचे. मोजणाऱ्या माणसांना मी इतकी हसले आहे, की आता हसूही उरलं नाही.

माझा जन्म खडवलीच्या बांबूच्या बेटात. तिथल्या दाटीत आम्ही सगळे वर वर सरकायचो. थोर होतो म्हणून नव्हे. शेजाऱ्याने ऊन खाल्लं तर आपण उपाशी मरू, या भीतीने. करवंद कमरेइतकी, जांभूळ घराहून उंच, साग त्याच्याही वरचा. ज्याला जेवढ्या उन्हाची ओढ, तेवढी त्याची उडी. माणसं मात्र या धक्काबुक्कीला मोठेपणा समजतात!

सत्त्याऐंशी साली मला तोडलं, फुटाफुटाला लाल पट्टे ओढले आणि हरिहर साहेबांच्या हाती दिलं. नव्या सडकेच्या वाटेतली झाडं ते मोजत. दहा फूट भरलं की ‘झाड’, त्याला अभय. कमी भरलं की ‘झुडूप’, त्याच दिवशी कुऱ्हाड. माजिवड्याच्या चार वर्षांच्या लांबड्या निलगिरीपुढे साहेब मान वर करून “वा!” म्हणत. तिच्या फांदीवर एक घरटं नव्हतं. पण घरटी मोजायला माझ्यावर पट्टा कुठे होता?

एका सकाळी आम्ही खाडीवर आलो. आवडाबाई कोळणीची होडी तिथल्या तिवराच्या झाडाला बांधलेली असे. तिच्या सासऱ्याचीही तिथेच असायची. उधाणाच्या लाटा ते झाड अंगावर घेई, म्हणून मागे तिचं घर उभं होतं.

बूट चिखलात भरू नयेत म्हणून साहेबांनी नेमकी भरती गाठलेली. होडीत उभं राहून त्यांनी मला पाण्यावर टेकवलं.

“सात फूट. झुडूप. तोड रे, दगडू.”

“आवो सायेब,” आवडाबाई कडाडली, “अर्दं झार पान्यान हाय! मानूस गल्याइतक्या पान्यान उभा केला, त काय पोर झाला?”

“बाई, नियम आहे.”

“मंग चिखलान उतरून मापा ना! का बुटांना इचारायला लागल?”

दगडूने कुऱ्हाड ठेवून बिडी पेटवली. “थांबू या साहेब. ओहोटी लागलीच आहे.”

पाणी उतरलं, तसं मला ते झाड खरं दिसलं. उघड्या खाडीत त्याचं ऊन अडवणारं कुणी नव्हतं, मग उंच कशाला व्हायचं? खारं पाणी वर चढवायचं म्हणजे घोटाघोटाला कष्ट. त्याने सारा जीव मुळांत ओतलेला. चिखलभर बोटं रोवून ते उभं होतं.

साहेब तोवर होडीतून काठावर जाऊन उभे राहिलेले. आवडाबाईने मला हिसकावलं, गुडघाभर चिखलात शिरली आणि बुंध्याशी धरलं.

“अकरा!” दगडू ओरडला.

साहेबांनी तोंड वाकडं करून ‘झाड’ लिहिलं. माखलेल्या मला मात्र त्यांनी हात लावला नाही. “राहू दे तिथेच.”

तेव्हा मी तिवरापेक्षा फूटभर उंच होते. आता रुतून निम्मी राहिले आणि ते तेरा फुटांवर गेलं. होडी आजही त्यालाच बांधतात, मला नाही. बरोबरच आहे. मला मूळ कुठे आहे?

मित्रांनो, झाड मोजायचंच असेल तर आधी बूट काढा, त्याच्या बुडाशी उतरा. ते जमणार नसेल, तर निदान कुऱ्हाड घरी ठेवून या.