नऊ इंचांची पाटलीणबाई

मासा खाण्यानं वाढत नाही, पाण्यानं वाढतो. हे मी आमच्या गल्लीत इतक्यांदा सांगितलंय की लोक मला बघून रस्ता बदलतात. बदला बापडे. पण माझ्या घरी येऊन टाकीत बिस्किटाचा चुरा टाकू नका, एवढंच म्हणणं आहे.

मी रेणुकादास, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम लातूर. तीन वर्षांपूर्वी अंगठ्याएवढी ओरांडा जातीची गोल्डफिश आणली, डोक्यावर लाल टोप असलेली. आज ती शेपटीसकट नऊ इंच भरते. चाल अशी भारदस्त की माझ्या बायकोनं, प्रमोदिनीनं, तिचं नाव पाटलीणबाई ठेवलं. जोडीला एक काळा, बटबटीत डोळ्यांचा, त्याला आम्ही नुसतं काळ्या म्हणायचो. प्रमोदिनी पाटलीणबाईला सवत म्हणते आणि तिचे मटारही तीच सोलते. पस्तीस वर्षं मी फायली इकडून तिकडे सरकवल्या. माझ्या हातून वाढलेली, डोळ्यांना दिसणारी गोष्ट ही एकच. त्यामुळे तिच्यावर माझा जीव आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

लोक विचारतात, हिला खायला काय घालता? फार काही नाही. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे, तेही आधी भिजवून, कारण कोरडे दाणे पोटात फुगले की मासा उलटा होऊन तरंगतो. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार. एक दिवस कडकडीत उपास. खरी मेहनत पाण्याची. दर आठवड्याला टाकीतलं निम्मं पाणी काढायचं आणि ड्रममध्ये चार दिवस उघडं ठेवलेलं पाणी घालायचं, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. ताज्या पाण्यानं माशाचे कल्ले भाजतात. दुकानात क्लोरीन मारायचं औषध मिळतं, चार थेंबांत काम. पण शिळं पाणी असताना औषधाचे चोचले कशाला, असं म्हणून मी ते कधी आणलं नाही.

आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की जुनं पाणी झाडांना ओतायचं, भांडी विसळायची आणि घरातलं जे जे भरता येईल ते भरायचं. कुणी गावाला गेलं असेल तर त्याचं शेजाऱ्यानं भरायचं, हा गल्लीचा कायदाच आहे. आमची किल्ली समोरच्या शिवकांताआक्कांकडे असते. सत्तरीच्या बाई, एकट्या राहतात.

त्या बुधवारी मी टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि ड्रमकडे वळलो, तोच फोन आला. प्रमोदिनीच्या भावाला, उमरीच्या हरिओमला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी नांदेडला हलवलं होतं. ती रडायलाच लागली. बस गाठायची होती. टाकीचा हवेचा पंप चालू होता, एक दिवस मासे निम्म्या पाण्यात सहज निघाले असते. निघताना आक्कांना बजावलं, "माशांना खायला घालू नका. एक दाणासुद्धा नाही."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं?"

"उपाशीच ठेवायचं."

पाण्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. नळाला अजून दोन-तीन दिवस होते.

ऑपरेशन झकास झालं. गुरुवारी दुपारी आम्ही परत आलो, दार उघडलं आणि ब्लीचिंगचा वास नाकात शिरला. टाकी काठोकाठ भरलेली. काळ्या मागच्या दगडाआड आडवा पडला होता, गेलेला. पाटलीणबाई वर तोंड काढून धापा टाकत होती, कल्ले लालभडक.

मागून आक्का आल्या, पदराला हात पुसत. "नळ सकाळीच आला बगा, अवचित. समदं भरलं. तुमच्या डरमातलं शिळं पानी झाडाला घातलं आन् ताजं भरलं. मासोळ्या निम्म्या पान्यात फिरायल्या होत्या, मला बगवंना. त्यांचंबी भरलं. दाना मातर एक घातला न्हाई, तुमची शपथ."

झालं, माझी जीभ सुटली. "विष घातलंत तुम्ही त्यात! कुणी सांगितला होता हा नसता शहाणपणा?" प्रमोदिनी "अहो, अहो" करत राहिली. आक्कांचं तोंड एवढंसं झालं. त्या गुमान घरी गेल्या.

क्लोरीन मारायच्या औषधासाठी मी मासेवाल्या वीरेशला फोन लावला. दुकान बंद करून तो लग्नाला उदगीरला गेलेला. प्रमोदिनी शिळं पाणी मागत दारोदार फिरली. एकाही घरात नव्हतं. नळ येऊन गेल्यावर कोण ठेवतंय? शेवटी ती आक्कांकडून आली आणि दारातच उभी राहिली.

"त्यांच्याकडे आहे," म्हणाली. "अर्धा ड्रम, गेल्या नळाचं. नळ पाऊण तासच होता म्हणे. तुमचं-माझं घर त्यांनी आधी भरलं. त्यांचं भरायच्या आत गेला."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. पण लाजत बसायला वेळ नव्हता. पाटलीणबाईला बादलीत घेतलं, पंप काखेत मारला आणि आक्कांच्या दारात गेलो. त्या डाळ निवडत होत्या.

"आक्का, तुमचं पाणी पाहिजे होतं."

त्या उठल्या, ड्रमचं झाकण काढलं. "टाका."

"पण तुमच्या प्यायचं..."

"मी तुमच्या घरचं पिते की. मानसाला ताजं चालतंय."

पाटलीणबाई ड्रममध्ये उतरली. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. तासाभरानं तिचं धापा टाकणं कमी झालं, मिटलेले पर उघडले आणि ती सावकाश खाली जाऊन फिरायला लागली. माझे डोळे भरून आले.

"चुकलो, आक्का," मी म्हणालो. "पाण्याचं मी सांगितलंच नव्हतं. वर तुम्हालाच बोललो."

त्यांनी मान हलवली, पण नजर ड्रममध्येच होती. "दुसरा कुटं हाय? काळा?"

प्रमोदिनी खाली बघायला लागली.

"तो गेला," मी म्हणालो. "म्हातारा होता, आक्का. त्याचं वय झालं होतं."

काळ्या जेमतेम दीड वर्षाचा होता. प्रमोदिनीला ते माहीत होतं, पण तिनंही मान डोलावली.

"माज्या हातून न्हाई ना गेला?" आक्कांनी विचारलं.

"छे," मी म्हणालो. "तुमच्या हातून तर एक वाचली."