चौथ्या भागाआधीची शांतता

बाबांच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली.

रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी. सोमवार, मंगळवार, बुधवारचे कप्पे भरलेले. आज शुक्रवार.

"ही शांतता ऐकायला माणसाने अनवाणी यावं." वर्तमानपत्र, पान सात.

करपलेलं दूध. "मी ठेवलं होतं?" बाबांनी विचारलं.

पहिल्या व्हायोलिनचा गज खाली आला की सगळ्यांचे येतात. प्रेक्षक बघतात छडीकडे.

पहिलं व्हायोलिन मी वाजवते. छडी बाबांची, ते आमच्या वाद्यवृंदाचे संचालक. गेल्या वर्षी एका सिंफनीच्या चौथ्या भागाआधी त्यांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. आत कुणी नव्हतं. अकरा सेकंदांनी मी गज खाली आणला, मागून सगळे आले, आवाज ऐकून बाबाही आले.

दुसऱ्या दिवशी पान सात, समीक्षकाची ती अनवाणी यायची ओळ. बाबांनी ते कापून फ्रिजवर चिकटवलं.

"बाबा, तुम्ही विसरला होतात."

"बरोबर आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! तुझी घाई झाली, आणि म्हणे बाप विसरला."

त्यानंतर ते आरशासमोर हात वर धरून उभे राहू लागले. घड्याळ लावून. पुढच्या प्रयोगांत कधी नऊ सेकंद, कधी चौदा. यातलं ठरवलेलं कुठलं आणि हरवलेलं कुठलं, मला कळेनासं झालं. समीक्षकाला सगळंच आवडत होतं.

"तुझ्या बापाचं मौन होतं, आमचे खांदे निखळतात," शेजारचा चेलोवाला म्हणाला.

मग व्यवस्थापकाने मला बोलावलं. "ताई, त्या जागी तुम्ही मध्येच सुरू करता. यापुढे साहेबांचा हात खाली आल्याशिवाय कुणी गज हलवायचा नाही. लोक त्यासाठीच येतात."

"ते आजारी आहेत."

"डॉक्टरचा कागद आहे?"

नव्हता. साध्या गोळ्या न घेणारा माणूस डोकं कशाला तपासून घेतोय? आणि मी हा नियम मोडला तर माझ्या खुर्चीवर बसायला दोघी तयार होत्या. मी हो म्हटलं.

रविवार, दुपारचा प्रयोग. तिसरा भाग संपला. हात वर गेला.

पाच सेकंद. कुणी खोकलंसुद्धा नाही.

अकरा. माझा गज तारेवर टेकलेला. पडद्याआड व्यवस्थापक बोट हलवून नको म्हणतोय.

वीस. पहिल्या रांगेत एका बाईने डोळे मिटले.

तीस. बाबांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. मला दिसला. पडद्याआडचं ते बोटही दिसलं. मनात आलं, आरशासमोर हेही बसवलं असेल.

चाळीस. चेलोवाला कुजबुजला, "अगं, सुरू कर ना!"

बावन्न. छडी पडली. मग बाबा.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबायला बराच वेळ लागला. मागच्यांना वाटलं, वाकून नमस्कार केला.

"चौथा भाग न वाजवता त्यांनी तो ऐकवला," समीक्षकाने लिहिलं. मी ते दवाखान्यात बाबांना वाचून दाखवलं. वाचा गेली आहे, आणि तोंड आता कायमच एका बाजूला असतं, त्यामुळे आवडलं की नाही ते समजलं नाही. त्यांनी डाव्या हाताने कात्रण ओढून घेतलं, एवढं खरं.

त्या रविवारची तिकिटं आदल्या सोमवारीच संपली होती.