उशिरा दिलेलं वकीलपत्र

मी वकिलाचा कोट बोलतोय. एके काळी काळाभोर होतो; आता खांद्यांवर तांबूस झालोय आणि कोपरांवर चकाकतो. कोर्टासमोरच्या गल्लीतल्या शिंप्याने मला शिवलं, तेव्हा माझे धनी नुकतेच वकील झाले होते. "जरा ऐसपैस ठेवा, पुढे अंग भरेल," असं त्यांच्या आईने शिंप्याला बजावलं होतं. अंग काही भरलं नाही. त्यामुळे मी आयुष्यभर त्यांच्या अंगावर लोंबतोय आणि बाररूममध्ये त्यावरून विनोद होतात.

धनी फौजदारी वकील. मारामाऱ्या, चोऱ्या, अपघात, खून, असलं सगळं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, एकच खोली. दिवसभर मी कोर्टात त्यांच्या अंगावर असतो, संध्याकाळी दाराजवळच्या खिळ्यावर. तिथून माणसं छान दिसतात. ज्याच्यावर आरोप असतो तो स्वतः क्वचितच येतो. त्याचा बाप येतो, बायको येते, मेहुणा येतो. आधी माझ्याकडे बघतात, मग धन्यांकडे, आणि बहुतेकांची सुरुवात एकच: "साहेब, आमचा माणूस तसा नाही हो."

एक बाई मात्र आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भावाला वकील आहे. पण तो वकील नक्की कोणाचा, तेच मला कळेना झालंय."

बाई कपडे शिवायच्या. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा. अगदी गरजेपुरतं बोलायचा, म्हणून सगळे त्याला मुका मिस्त्री म्हणत. तो आयुष्यात एकदाच घडाघडा बोलला आणि तेच त्याला नडलं.

झालं होतं असं. एका इमारतीतल्या लिफ्टच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. लिफ्ट खाली असली तरी वरच्या मजल्यावरचं दार उघडायचं. तिथे राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका बाजारात निघाल्या, दार उघडलं, नेहमीसारखा पाय टाकला. आत लिफ्ट नव्हतीच.

मिस्त्री धावत हॉस्पिटलात गेला. बाईंच्या मुलाच्या पायाशी बसून रडला. "माझ्यामुळे गेल्या हो बाई," म्हणाला. ते सगळ्यांनी ऐकलं. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं आणि सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं.

"जामिनाचं काय झालं?" धन्यांनी विचारलं.

"नामंजूर. इमारतीच्या सेक्रेटरींनीच वकील दिलाय, मोठ्या शहरातला. म्हणाले, ताई, तुम्ही काळजी करू नका, सगळं आमच्याकडे लागलं. त्या वकिलाचं तोंडही मी पाहिलेलं नाही. फोनवर म्हणतो, भावाला सांगा गुन्हा कबूल कर, शिक्षा कमी होईल. आणि इमारतीतल्या कोणाचं नाव घेऊ नको."

"नाव का घ्यायचं नाही?"

बहिणीने पदराने तोंड पुसलं. "आदल्या दिवशी भावाने लिफ्ट बंद केली होती, साहेब. सेक्रेटरी म्हणाले, नवं कुलूप येईल तेव्हा बसव, तोवर चालू ठेव, माझ्याकडे पाहुणे यायचेत. हा नको नको म्हणाला. शेवटी चालू करून आला."

धन्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, यात जो अडकू शकतो, त्याचाच वकील तुमच्या भावाला गप्प बसवतोय."

"मग तुम्ही घ्या ना केस."

"घेतो. पण वकीलपत्रावर सही त्याची लागेल. वकील आरोपीचा असतो, बहिणीचा नसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुरुंगात गेलो. भेटीच्या खोलीत मधे जाळी, वर एक पंखा, तोही बंद. धन्यांच्या पाठीचा घाम माझ्या अस्तरात उतरत होता. मिस्त्री समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, नजर खाली.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला. "आधीच्या वकिलाला न वाचताच दिली, तेवढी पुरे. माझ्या हातून झालंय. ज्याने काही केलं नाही, त्याने वकील करावा."

"तुझ्या हातून काय झालं?"

"चालू करायला नको होती. केली."

"मग तेवढ्याची शिक्षा तुला होऊ दे. तेवढीच व्हावी, यासाठीच वकील असतो. दुसऱ्याच्या वाटणीचीही भोगून तू त्या गेलेल्या बाईंना काय देणार आहेस?"

मिस्त्रीने जाळीला बोट लावलं. मग म्हणाला, "आणि मी सुटलो, तर त्यांच्या मुलाला काय वाटेल?"

"ते त्याचं त्याला ठरवू दे."

त्याने सही केली. सही होईपर्यंत धन्यांनी जाळीखालून कागद धरून ठेवला.

पण उशीर झाला होता. सुरुवातीलाच कुलूप तपासून घेऊन, नवं बसवल्याशिवाय लिफ्ट चालवण्यासारखी नव्हती, हे दाखवता आलं असतं. आता तिथे नवं बसलं होतं आणि जुनं भंगारात गेलं होतं. इमारतीच्या चौकीदाराने सेक्रेटरींचं बोलणं ऐकलं होतं. तो धन्यांना मागच्या बाजूला भेटला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, जिन्याखालची खोली त्यांनीच दिलीय. पोरंबाळं तिथेच आहेत." साक्षीला आला तेव्हा प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर: आठवत नाही. धन्यांनी त्याला फार छेडलं नाही.

मग शिक्षिकाबाईंच्या मुलाची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं: होय, आरोपी म्हणाला, माझ्यामुळे गेल्या. धनी उलटतपासाला उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण माझ्या खिशात मूठ आवळलेली होती. ती फक्त मला ठाऊक.

"तुमच्या आईंचं जे झालं, त्याचं मलाही वाईट वाटतं. एवढंच सांगा, 'माझ्यामुळे गेल्या' म्हणाला, त्यानंतर तो काय म्हणाला?"

 सेक्रेटरी पुढच्याच बाकावर बसले होते. लहानपणापासून मुलगा त्यांना काका म्हणत आला होता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे.

"म्हणाला, मी बंद केली होती. मी त्यांचं ऐकायला नको होतं."

"हे याआधी कोणाला सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही."

"'त्यांचं' म्हणजे कोणाचं?"

सरकारी वकील ताडकन उठले. साक्षीदाराला ते कसं ठाऊक असणार, अशी हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती मान्यही केली. पण तोवर सगळं कोर्ट पुढच्या बाकाकडे बघायला लागलं होतं.

निकाल लागला. मनुष्यवधाचं कलम उडालं, निष्काळजीपणा राहिला. खटला संपेपर्यंत मिस्त्री आत जितका राहिला, तितकीच शिक्षा धरली आणि त्याला सोडलं. सेक्रेटरींची चौकशी व्हावी, असंही निकालात म्हटलंय. चौकशी चालू आहे. सेक्रेटरीही अजून सेक्रेटरी आहेत.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिक्षिकाबाईंचा मुलगा समोर आला. "कोणाचं ऐकलंस, ते त्याच दिवशी मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. मिस्त्रीने नुसती मान हलवली.  मग मिस्त्री जिन्याकडे वळला. शेजारी लिफ्ट उघडी होती. बहिणीचे गुडघे दुखतात, तरी तीही कठड्याला धरून त्याच्या मागोमाग उतरली.

ती अधूनमधून ऑफिसात येते. भाऊ तिच्याकडेच असतो. कामाला जात नाही. त्याच्या हातात हत्यारं द्यायला कोणी तयार नाही, आणि त्यालाही ती नको आहेत. तो आत असताना बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, ती आलीच नाही. एकदा बहिणीने विचारलं, "साहेब, पहिल्याच दिवशी तुमच्याकडे आले असते तर?"

धन्यांनी तिला खोटा धीर दिला नाही. "कुलूप मिळालं असतं," म्हणाले. "बाकीचं सांगता येत नाही."

माझं आता फार उरलेलं नाही. अस्तर फाटलंय, बगलेत शिवण सुटलीय, आणि धन्यांची बोटं हल्ली बटणाला काजं शोधत बसतात. तेव्हा बोलून घेतो. तुमच्या माणसाला पोलीस घेऊन गेले, तर तो चांगला की वाईट, याचा विचार नंतर करा. आधी आमच्यासारख्या एखाद्या ऑफिसाचं दार वाजवा. जवळपासचाच वकील बघा, जो स्वतः त्याच्यासमोर जाऊन बसेल आणि फक्त त्याचाच असेल. कोट कसा का असेना.

तो म्हणेल, मला वकील नको. तरी या.