भिशीच्या डब्यातली चिठ्ठी

बदलापूर गावात गयाबाईंची भिशी नावाजलेली होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाया त्यांच्या ओट्यावर जमायच्या, स्टीलचा डबा हलवून चिठ्ठी काढायच्या, आणि जिचं नाव निघेल तिची त्या महिन्याची भिशी. पण गयाबाईंच्या भिशीत एक जास्तीची रीत होती. नाव निघालेली बाई आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. कुणाच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलेलं, कुणाचं छप्पर गळतंय. जिची नड मोठी, तिच्याशी ती आपली पाळी बदलून घ्यायची. यावरून ओट्यावर कधी तोंड वाजलं नव्हतं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये सिंधी शेठकडे पापड लाटता लाटता गयाबाईंचं तारुण्य सरलं होतं, तिथल्या बायांकडूनच ही रीत त्यांनी उचलली होती.

त्यांची नात स्वप्नाली, लेकीची लेक, डॉक्टर झाली होती आणि आता त्याच्याही वरच्या परीक्षेची तयारी करत होती. घराण्यातली पहिली डॉक्टर. घरी कुणी आलं, की गयाबाई पाणी द्यायच्या आधी हे सांगून मोकळ्या व्हायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वप्नाली आजीकडे आली ती ब्लडप्रेशरचं पाऱ्याचं यंत्र काखेत मारूनच.

"आजी, मला बाया पाहिजेत. प्रेशरवाल्या."

"हितं कुणाला प्रेशर नाय? भारनियमनानं निम्म्या गावाला दिलंय. किती देऊ?"

स्वप्नाली हसली आणि तिनं काम समजावलं. मंत्र म्हटल्यानं प्रेशर उतरतं, असं टीव्हीवर रोज सकाळी सांगतात. ते खरं की नुसत्या गप्पा, हे तिला तपासायचं होतं. निम्म्या बायांनी समाजमंदिराच्या मोठ्या खोलीत बसून रोज सकाळी मंत्र म्हणायचा. जिला जो आपला वाटेल तो. कुणी ओम म्हणावं, कुणी रामकृष्णहरी, विहारात जाणाऱ्यांनी बुद्धं सरणं गच्छामि. फक्त श्वास लांब सोडत, संथ म्हणायचा. उरलेल्या बायांनी मागच्या खोलीत तेवढाच वेळ नुसतं गप्प बसायचं. आणि गोळ्या चालू असतील त्या कुणीही बंद करायच्या नाहीत.

"कोण कुठं बसायचं ते कुणी ठरवायचं?"

"चिठ्ठीनं. लाल निघाली तर मंत्र, पांढरी निघाली तर गप्प."

चिठ्ठी म्हटल्याबरोबर गयाबाईंनी फळीवरचा भिशीचा डबा काढून नातीच्या हातात दिला. सगळा घोटाळा झाला तो तिथंच.

त्या रविवारी बायांनी ओट्यावर चिठ्ठ्या उचलल्या. "ज्या रंगाची निघाली ती जपून ठेवा, बुधवारी येऊन लिहून घेते," असं म्हणून स्वप्नाली ड्युटीसाठी स्टेशनकडे पळाली. तिची पाठ वळते न वळते तोच चिमीनं पांढरी चिठ्ठी नाचवत बोंब ठोकली. चिमी म्हणजे खालच्या आळीतल्या हरिचंद्राची बायको. तिचा आवाज नदीच्या पलीकडं ऐकू जायचा.

"अगो गयाबाय! मना गप बसाची चिठ्ठी? मी कनचे जन्मात गप बसलेली हाय?"

तिकडे विहाराशेजारच्या यशोधराच्या हातात लाल चिठ्ठी आली होती. ती इतकी लाजरी, की दुकानात तेल मागायचं तर बोट दाखवायची. चार माणसांत मोठ्यानं मंत्र म्हणायचा म्हटल्यावर तिला घाम फुटला.

गयाबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "मग बघता काय? बदला की!"

चिमीची यशोधराला गेली, यशोधराची चिमीला. मग बनूबाईंनी बदलली, सरस्वतीनं बदलली. दिवेलागणीपर्यंत गयाबाईंनी एकेकीचा स्वभाव बघून सगळ्या चिठ्ठ्या मार्गी लावल्या आणि समाधानानं चहा टाकला.

बुधवारी समाजमंदिरात स्वप्नालीनं प्रत्येकीचा रंग लिहून घेतला, रंगाप्रमाणे दोन खोल्यांत बसवलं आणि सुरुवातीचं प्रेशर मोजलं. सोमवारपासून काम सुरू व्हायचं होतं. दुपारी आकडे बघता बघता ती एकदम थांबली. लाल चिठ्ठीवाल्या बहुतेकींचा पारा चढलेला, पांढरीवाल्यांचा खाली. शिवाय मोठ्या खोलीत नुसता बाजार भरलेला, आणि मागच्या खोलीत कुणी शिंकलंही नव्हतं.

"आजी, चिठ्ठी आंधळी असते. ही इतकी डोळस कशी निघाली?"

"मी बसवून दिली ना!" गयाबाई खुशीत म्हणाल्या. "जिला जे झेपंल ते. एकीची तक्रार नाय बघ."

स्वप्नालीनं कपाळ धरलं. "अगं, माझी वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती!"

"का पण? भांडण नाय, तंटा नाय..."

"असं बघ. शेठनं नवा पापडखार आणला, आणि तू तो फक्त चांगल्या हाताच्या बायांना दिलास. पापड फुलला, तर गुण खाराचा की हाताचा?"

गयाबाईंनी पोळपाट पुढ्यात असल्यासारखे हात फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हंजे शेठला काईच कळलं नसतं."

"मलाही नसतं कळलं. पुन्हा चिठ्ठ्या टाकायला लागतील. आणि या बाया उठून गेल्या, तर परीक्षेच्या आत दुसऱ्या कुठून आणू? माझं वर्षच जाईल."

रात्री गयाबाई विचार करत बसल्या. बाया आल्या होत्या त्यांच्या शब्दावर. दिलेली पाळी परत मागायची, हे त्यांच्या ओट्यावर कधी घडलं नव्हतं. आणि चिमी रुसली, तर सगळी खालची आळी तिच्यामागं उठणार, हेही त्यांना ठाऊक होतं. पण पोरीचं वर्ष जाणार, तेही आपल्याच हातानं?

शनिवारी त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या खेपेला भिशीचा डबा फळीवरच ठेवला. "त्यात हात घातला की बाईला बदलायची लहर येती," म्हणाल्या, आणि पितळी कळशी मधोमध मांडली. पापडखाराची गोष्ट सांगितली. पापड लाटलेल्या बायांना ती पटकन कळली. पण चिमी कमरेवर हात ठेवून उभी.

"आनि पुन्हा पांढरी आली त?"

"तर पांढरी. माझी मी बी बदलणार नाय."

"तुझी नात, तू नाय बदलनार. मी कशाला?"

"चिमे, चूक माझी हाय, पोरीची नाय. शिक्षा तिला नको."

चिमी फणकारली, पण बसली. एकेकीचा हात कळशीत कोपरापर्यंत गेला. सरस्वतीच्या बांगड्या कळशीच्या गळ्यात अडकल्या आणि तिला सोडवताना हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. गयाबाईंना लाल आली, यशोधरालाही पुन्हा लालच. शेवटी चिमीनं हात घातला, कळशी ढवळ ढवळ ढवळली आणि चिठ्ठी काढली.

पांढरी!

चिमीनं सवयीनं गयाबाईंपुढं हात पसरला. गयाबाईंची बोटं लाल चिठ्ठीवर घट्ट झाली. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तरी त्यांनी ती चिठ्ठी कंबरेच्या पिशवीत खोचली.

चिमीनं पिशवीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या स्वप्नालीकडे. पोरगी ओठ चावत होती.

"रडू नको गो बाय," चिमी म्हणाली. "बसन मी गप. पन आज पोटभर बोलून घेते." आणि अंधार पडेपर्यंत ती बोलत राहिली.

सोमवारी ती मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. गाल फुगलेले, डोळे गच्च मिटलेले. वेळ संपल्याची घंटा वाजताच उद्गारली, "त्या पंख्यात तेल घाला! इतकी वर्षं करकरतो, कुनाला आयकू कसा नाय येत?" शेजारच्या खोलीत यशोधराचा मंत्र आधी ओठांतच राही. पण उन्हाळा सरता सरता तो दारापर्यंत ऐकू येऊ लागला.

आकडे आले. लालवाल्यांचं प्रेशर थोडं उतरलं होतं, पांढरीवाल्यांचंही थोडं. लालवाल्यांचं किंचित जास्त, पण फार काही नाही. स्वप्नालीनं जसं होतं तसंच लिहिलं, वर मीठमसाला लावला नाही. परीक्षेत सरांनी चिठ्ठ्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. पोरीनं कळशीपर्यंत सगळं सांगितलं, आणि ती पास झाली.

ती बातमी आली त्याच दिवशी हरिचंद्र पळसाच्या पानात जांभळं घेऊन ओट्याशी उभा.

"गयाबाय, डाक्तरीन बाय हाय का? आमची घरात पन रोज सकाली गप बसते."

"मग चांगलं हाय की!"

"चांगलाच हाय. हे औषद बंद त नाय ना होनार, ते इचाराला आलू."

उन्हाळाभर थांबलेली भिशी पुढच्या रविवारी पुन्हा भरली. फळीवरचा डबा खाली आला आणि नाव निघालं चिमीचं. यशोधराच्या घरी लग्न होतं, नड तिची मोठी. पण चिमी जागची हलेना. यशोधरा मान खाली घालून बसली, आणि बाया चोरून गयाबाईंकडे बघू लागल्या.

"माझ्याकडं काय बघता?" गयाबाई म्हणाल्या. "बदला की! ही भिशी हाय."

"मंग आधी बोलाचा ना!" चिमी ओरडली. "कवाधरना त्वांड दाबून बसलीय मी!"