वि. का. ना.

नोंदणीचं नूतनीकरण व्हायचं तर डॉक्टरांना दर पाच वर्षांत तीस गुण जमवावे लागत. डॉक्टरांचं ज्ञान ताजं राहावं, हा त्यामागचा उदात्त हेतू. अठ्ठावीस गुण त्यांनी परिषदांमधून मिळवले होते, म्हणजे थंडगार सभागृहात शेवटून दुसऱ्या रांगेत, हजेरीची सही झाल्यावर, डोळे मिटून. उरलेले दोन ऑनलाइन धड्यातून मिळवायचे होते आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. पाच वाजून एक मिनिटाने, बत्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर, त्यांना कायद्याने कुणाचा घसाही बघता येणार नव्हता.

"वीस मिनिटांचं काम आहे," त्यांनी दवाखान्यातल्या बाईंना सांगितलं. "चारपर्यंत कुणाला आत सोडू नका."

"गेल्या वेळी पण वीसच म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. "माझी स्वेटरची एक बाही विणून झाली."

धडा रक्तक्षयावर होता. डॉक्टरांना हायसं वाटलं, विषय घरचाच. पहिले दोन प्रश्न सुटले. तिसऱ्यात एक रुग्ण आला.

'पुरुष, वय चौपन्न. व्यवसाय मुद्रितशोधक. तीन महिने थकवा. रक्तात लोह कमी. गोळ्यांनी बरं वाटतं. पुढे काय कराल?'

डॉक्टरांनी चष्मा पुसला. जगात मुद्रितशोधक उरलेत किती, आणि त्यातले चौपन्न वर्षांचे थकलेले किती?

त्यांचा एक होता. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचा. खिशाला कायम लाल पेन. पहिल्याच भेटीत त्याने बाहेरच्या पाटीवरचा 'ह्रदयविकार' दुरुस्त करायला लावला होता. काय त्रास होतो असं विचारलं की म्हणायचा, "विशेष काही नाही." डॉक्टरही केसपेपरवर तेच लिहीत, पण थोडक्यात: वि. का. ना. हा त्यांचा स्वतःचा शोध. त्यात बरीच शाई वाचली होती. त्यांनी त्याला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि खाली लिहिलं, तीन महिन्यांनी दाखवा. त्याला तरतरी आली. सात महिन्यांनी आतड्यातली गाठ सापडली, तेव्हा ती काढण्याजोगी राहिली नव्हती.

"दैव," डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणाले होते. "कुणालाच कळलं नसतं."

तिने विश्वास ठेवला. अजूनही ती महिन्याच्या महिन्याला रक्तदाब दाखवायला यायची आणि उठताना म्हणायची, "तुम्ही होतात म्हणून." ते ऐकू येऊ नये यासाठी डॉक्टर नेमका तेव्हाच नळ सोडून हात धूत.

पर्याय चार होते. अ: आहार सुधारा. ब: गोळ्या चालू ठेवा. क: तीन महिन्यांनी दाखवा. ड: दुर्बिणीने आतडी तपासा.

बोट आपोआप 'क'वर गेलं. हात तोच होता ना.

'चूक. तीनपैकी एक संधी वापरली.' 'क'वर लाल खूण उमटली. फुली नव्हे. 'हे काढा' म्हणायला मुद्रितशोधक काढतात तो शेपटीवाला वेटोळा.

त्यांनी बाईंना हाक मारली. "यात व्यवसाय काय लिहिलाय?"

"नोकरी."

"आणि ही खूण?"

"फुली. तुमचंच चुकलंय." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पाणी आणू का?"

दुसऱ्या वेळी बाकीचे प्रश्न बदलले होते. तिसरा तोच होता, फक्त एका वाक्याने लांबला होता: 'रुग्ण पाटीवरच्या चुका दाखवतो.'

उत्तर डॉक्टरांना माहीत होतं. ते शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं: या वयात पुरुषाचं लोह कमी झालं, तर ते कुठून वाहून जातंय हे शोधायचं. अडचण वेगळीच होती. आज 'ड' निवडायचा म्हणजे त्या दिवशीही 'ड' होता, हे कबूल करायचं. चार वाजून गेले. शेवटी त्यांनी तडजोड म्हणून 'ब' दाबला.

पुन्हा वेटोळा.

तिसऱ्या वेळी आणखी एक वाक्य होतं: 'रुग्ण वाट पाहत आहे.' डॉक्टरांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता 'ड' दाबला.

'अभिनंदन.' पण प्रमाणपत्राच्या आधी एक चौकट भरायची होती: 'या धड्यामुळे आपल्या रोजच्या कामात काय बदल होईल?' ही चौकट प्रत्येक धड्याला असायची आणि डॉक्टर प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायचे. 'वि. का.' एवढं लिहून झालं, तोच दार उघडलं.

"या केव्हाच्या बसल्यात," बाई म्हणाल्या. "माझ्या स्वेटरचा गळा सुरू झाला."

मुद्रितशोधकाची बायको त्याच खुर्चीत बसली.

"काय म्हणता, वहिनी?"

"विशेष काही नाही. जिना चढताना जरा दम लागतो. वय झालं."

डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत कोऱ्या कागदाइतकं पांढरं होतं.

"आज रक्त तपासायचं. आणि याच आठवड्यात दुर्बिणीने आतडी बघून घ्यायची."

"गोळ्या द्या की. यांना दिल्या होत्यात, केवढं बरं वाटलं होतं."

पाचला नऊ मिनिटं होती.

"बरं वाटलं, तिथेच मी थांबलो," डॉक्टर म्हणाले. "त्यांची ही तपासणी तेव्हाच करायला हवी होती, वहिनी. मला कळायला हवं होतं. दैव वगैरे मी उगीच म्हणालो."

तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. नळाकडे जाणं आज डॉक्टरांना जमलं नाही.

"तुमची चिठ्ठी यांच्या पाकिटात आहे अजून," ती म्हणाली. "'तीन महिन्यांनी'समोर यांनी समासात लाल प्रश्नचिन्ह काढलंय. मी म्हटलं, शुद्धलेखन चुकलं का? तर म्हणाले, नाही, ही खूण लेखकाला विचारायची असते. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारतो."

"विचारलं नाही त्यांनी."

"तुम्ही घाईत होतात म्हणे."

तपासणीचा कागद घेऊन ती उठली. दारात क्षणभर थांबली, पण नेहमीचं वाक्य काही म्हणाली नाही.

डॉक्टरांनी 'वि. का.' खोडलं आणि लिहिलं: 'विचारेन.'

'नवा नियम: किमान दहा शब्द आवश्यक,' पडदा म्हणाला.

पाचला तीन मिनिटं होती. 'चौपन्न वर्षांचे एक मुद्रितशोधक माझ्याकडे यायचे,' डॉक्टरांनी सुरुवात केली. दहा शब्द कधीच उलटले तरी बोटं थांबेनात. समोर, नुकत्याच रिकाम्या झालेल्या खुर्चीतून, पेनाचं टोपण निघाल्याचा बारीक आवाज आला. डॉक्टरांनी मान वर केली नाही. फक्त शुद्धलेखन जपून लिहू लागले.